सरकारविरुद्ध हेगला जाता येतं का?

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर येऊन बसणारं पीठ) बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी त्यासाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ मोर्चे काढले, उपोषणं केली, कामकाजावर बहिष्कार घातला. तोवर सरकारविरुद्ध रिट (हक्कांसाठीची उच्च न्यायालयातली याचिका) करायची म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, मुंबईत कोर्टाच्या व्हरांड्यात दिवस काढायचा आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. गरीब माणूस त्यातच थकून जायचा.

बेंच आल्यापासून कायद्याविषयी बोलायला कुठंही बसलं, की एक प्रश्न हमखास येतो. मुलाला कोठडीत मारहाण झालेले वडील तो विचारतात, धरणात जमीन जाऊन पुनर्वसनासाठी खेटे घालणारे शेतकरी विचारतात, कायद्याचे विद्यार्थीही विचारतात. समजा इथं हरलो, दिल्लीतही हरलो, तर पुढं काय? हेगच्या कोर्टात जाता येतं ना?

नाही येत. आपल्या मानवी हक्कांवर भारत सरकारनं घाला घातला म्हणून भारतीय नागरिकाला स्वतःच्या नावानं खटला भरता येईल, असं एकही आंतरराष्ट्रीय न्यायालय आज नाही. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात, म्हणून लगेच दोन गोष्टी सांगाव्या लागतात. जगातल्या अनेक देशांच्या लोकांना अशी सोय आहे आणि आपल्याला ती नाही, याचं कारण आपल्याच सरकारांनी वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांत आहे. आणि आंतरराष्ट्रीय करारांचा आधार घ्यायला परदेशी जावंच लागतं असं नाही, तो आपल्या उच्च न्यायालयातही घेता येतो. यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, पण पहिली समजल्याशिवाय ती नीट कळत नाही.

हेगमध्ये कोण बसतं?

गोंधळ असा होतो, की नेदरलँड्समधल्या हेग शहरात दोन मोठी न्यायालयं आहेत आणि बातम्यांत दोन्हींना 'आंतरराष्ट्रीय न्यायालय' म्हटलं जातं.

पहिलं संयुक्त राष्ट्रांचं. त्यात १५ न्यायाधीश असतात, प्रत्येकाची मुदत ९ वर्षं. ज्या संहितेवर ते चालतं तिच्या ३४व्या कलमात लिहिलंय, की खटल्यात पक्षकार फक्त देशच होऊ शकतात. माणूस नाही, संस्था नाही, राज्य सरकारही नाही. कुलभूषण जाधव यांचा खटला आपल्याकडं घराघरांत पाहिला गेला, त्यामुळे तेच उदाहरण घेऊ. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं त्यांना फाशी सुनावल्याचं एप्रिल २०१७ मध्ये जाहीर झालं. ८ मे रोजी भारतानं हेगमध्ये अर्ज केला आणि १८ मे रोजी न्यायालयानं सांगितलं, की अंतिम निकाल लागेपर्यंत फाशी देऊ नका. दहा दिवसांत हा आदेश आला. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी निकाल लागला. जाधवांना भारतीय वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू न देऊन पाकिस्ताननं व्हिएन्ना कराराचं ३६वं कलम मोडलं, त्यामुळे त्यांच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे, असं न्यायालयानं म्हटलं. त्यांची सुटका करा, असं मात्र म्हटलं नाही.

या खटल्यात वादी जाधव नव्हते, त्यांचं कुटुंबही नव्हतं. वादी भारत होता. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्या आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटायला गेल्या तेव्हा मध्ये काच होती, आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं नंतर सांगितलं. त्या माउलीला त्याबद्दल हेगमध्ये स्वतः उभं राहून एक शब्दही मांडता आला नसता. तिच्या वतीनं बोलायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा. इथं सरकार बोललं. पण अन्याय करणारं सरकार आपलंच असेल, तर ते स्वतःविरुद्ध अर्ज कसा करणार?

दुसरा देश आपल्यासाठी उभा राहू शकतो का? क्वचित. गांबिया या आफ्रिकेतल्या छोट्या देशानं नोव्हेंबर २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या बाजूनं म्यानमारविरुद्ध अर्ज केला, आणि दोनच महिन्यांत, २३ जानेवारी २०२० रोजी, न्यायालयानं म्यानमारला रोहिंग्यांच्या संरक्षणाचे अंतरिम आदेश दिले. हे होऊ शकलं ते वंशसंहारविरोधी करारामुळे. त्याच्या ९व्या कलमानुसार करारातला कुठलाही देश दुसऱ्याला हेगमध्ये खेचू शकतो. भारतानं त्या करारावर सही केली, पण ९व्या कलमापुढं अट घातली, की आमच्या संमतीशिवाय हे आम्हाला लागू होणार नाही.

हेगमधलं दुसरं न्यायालय म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. ते २००२ पासून आहे आणि तिथं देशांवर खटला चालत नाही, माणसांवर चालतो. वंशसंहार, युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे अशा अतिगंभीर आरोपांखाली सेनानी, मंत्री, राष्ट्राध्यक्ष यांच्यावर. भारत त्याचा सदस्य नाही. कोठडीतल्या मारहाणीची किंवा बुडालेल्या भरपाईची तक्रार तिथं घेतही नाहीत.

राजाची मर्जी आणि माणसाचा हक्क

कोल्हापूरकराला मानवी हक्काची कल्पना समजावून घ्यायला लांब जावं लागू नये. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. पुढं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांच्याबद्दल या मातीत जी कृतज्ञता आहे ती माझ्याही मनात आहे. पण त्याच काळात संस्थानाची हद्द ओलांडून पलीकडं गेलेल्या माणसाला यातलं काहीच मिळत नव्हतं. तिथला राजा वेगळा होता. सत्तेवर कोण बसलंय यावर माणसाचा मान अवलंबून राहू नये, त्याला राज्यकर्त्याकडं बोट दाखवून 'हे माझं आहे' असं म्हणता यावं, हीच मानवी हक्कांची मूळ कल्पना. आपल्या राज्यघटनेनं ती कलम ३२ आणि २२६ मध्ये आणली. मूलभूत हक्क मोडला तर पहिल्याखाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, दुसऱ्याखाली उच्च न्यायालयात. डॉ. आंबेडकरांनी कलम ३२ ला घटनेचा आत्मा म्हटलं होतं. हक्क लिहून ठेवणं सोपं असतं, तो मोडला तर दाद मागायची जागा असणं महत्त्वाचं, हे ते जाणून होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच विचार देशांच्या वर गेला. स्वतःच्या नागरिकांशी एखादं सरकार कसं वागतं ही त्याची घरगुती बाब आहे, असं तोवर मानलं जायचं. या समजुतीला संयुक्त राष्ट्रांत पहिला धक्का दिला तो भारतानं. १९४६ मध्ये, देश अजून स्वतंत्रही झाला नव्हता तेव्हा, दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार भारतानं आमसभेपुढं नेली. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. हा आमचा अंतर्गत मामला आहे, असं दक्षिण आफ्रिका म्हणाली. ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेनं दोन तृतीयांश बहुमतानं भारताच्या बाजूनं ठराव केला. दोनच वर्षांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा आला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सर्व 'पुरुष' या अर्थाचा शब्द होता, तिथं सर्व 'माणसं' असा बदल भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रहानं करून घेतला. हा वारसा असलेला देश आज बाहेरून प्रश्न आला की 'अंतर्गत बाब' म्हणतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

माणसाला सरकारविरुद्ध उभं राहता येतं, ती न्यायालयं

जाहीरनाम्यामागं न्यायालय नव्हतं. ते तीन खंडांनी आपापल्यापुरतं उभं केलं.

युरोपचं मानवी हक्क न्यायालय फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला आहे. १९५९ साली ते स्थापन झालं आणि आज ४६ देश त्याच्या कक्षेत आहेत. रशियाही होता, २०२२ मध्ये त्याला काढून टाकलं. इथं साधा माणूस आपल्या सरकारविरुद्ध थेट अर्ज करतो. फी नाही, सुरुवातीला वकीलही लागत नाही. पण अर्ज टिकण्याच्या अटी कडक आहेत. आधी आपल्या देशातले सगळे मार्ग वापरून झालेले असले पाहिजेत. शेवटच्या निकालानंतर चार महिन्यांच्या आत अर्ज पोहोचला पाहिजे (२०२२ पर्यंत सहा महिने मिळायचे). आणि तक्रार सरकारविरुद्ध हवी, शेजाऱ्याविरुद्ध किंवा खासगी मालकाविरुद्ध चालत नाही. या चाळणीत बहुसंख्य अर्ज सुरुवातीलाच बाद होतात. एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. अर्जदार त्या देशाचा नागरिक असावा लागत नाही. जर्मनीत किंवा इटलीत कामाला गेलेल्या कोल्हापूरच्या मुलावर तिथल्या सरकारी यंत्रणेनं अन्याय केला, तर तिथल्या न्यायालयांनंतर त्यालाही स्ट्रासबर्गला जाता येतं.

तिथला एक निकाल मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला सांगतो. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्रावा शहरात रोमा समाजाच्या मुलांना मतिमंदांसाठीच्या शाळांत घातलं जायचं. कायद्यात कुठंही 'रोमा' असा शब्द नव्हता. चाचणी सगळ्यांना सारखीच, पालकांची सहीही घेतलेली. तरी अर्जदारांनी मांडलेल्या आकड्यांनुसार शहरातल्या अशा शाळांत निम्म्याहून जास्त मुलं रोमा होती, आणि शहरातल्या एकूण प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा होते जेमतेम सव्वादोन टक्के. १८ मुलांनी अर्ज केला. २००६ मध्ये स्ट्रासबर्गच्या सात न्यायाधीशांनी तो फेटाळला. मग मुलं त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाकडं गेली आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी जिंकली. नियम वरवर सारखा असला तरी त्याचा मार एकाच समाजावर पडत असेल, तर तो भेदभावच. आणि हे आकडेवारीनं सिद्ध करता येतं, सरकारच्या मनात वाईट हेतू होता हे दाखवावं लागत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. पारधी वस्तीतल्या मुलाला शाळेत मागच्या बाकावर बसवून विसरून जाणारी व्यवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या निकालाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

अमेरिका खंडातलं न्यायालय १९७९ पासून कोस्टारिकातल्या सान होसे इथं आहे. तिथं माणूस थेट जात नाही. आधी वॉशिंग्टनमधल्या आयोगाकडं तक्रार, आयोगाला योग्य वाटलं तर पुढं न्यायालय. त्याच्या सुरुवातीच्या काळातला एक खटला इतका महत्त्वाचा आहे, की त्यावर जरा थांबायलाच हवं.

होंडुरासमध्ये मानफ्रेदो वेलास्केस नावाच्या विद्यार्थ्याला १२ सप्टेंबर १९८१ रोजी हत्यारबंद माणसांनी भर शहरातून उचललं. तो परत आला नाही. पोलिस म्हणाले, आम्ही नेलाच नाही. असा माणूस गायब झाला की घरच्यांच्या हातात काय असतं? मृतदेह नाही, अटकेचा कागद नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद नाही. पुरावाच नाहीसा करायचा, हाच अशा गुन्ह्याचा हेतू असतो. मग 'पुरावा आणा' असं घरच्यांना सांगणं म्हणजे गुन्हेगारालाच मदत. न्यायालयानं हे ओळखलं. १९८१ ते १९८४ या काळात होंडुरासमध्ये शंभर ते दीडशे माणसं अशीच गायब झाली होती, ही पद्धत आधी सिद्ध झाली, आणि मानफ्रेदोचं नाहीसं होणं त्याच पद्धतीत बसतं, हे दाखवणं पुरेसं ठरलं. सुनावणी चालू असताना, जानेवारी १९८८ मध्ये, साक्ष दिलेल्या एकाचा आणि साक्षीसाठी बोलावलेल्या एकाचा खून झाला. तरी खटला थांबला नाही. २९ जुलै १९८८ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की नेमक्या कुठल्या अधिकाऱ्यानं हे केलं ते कळलं नाही तरी सरकार जबाबदार आहे. कारण माणसाला न मारणं एवढंच सरकारचं काम नाही. असं घडू नये म्हणून यंत्रणा उभी करणं, घडलं तर मनापासून तपास करणं, दोषीला शिक्षा देणं आणि कुटुंबाला भरपाई देणं, हेही त्याचं कर्तव्य आहे. पुढच्या वर्षी कुटुंबासाठी ७,५०,००० लेम्पिरांची (होंडुरासचं चलन) भरपाई ठरली. तपास न करणं हाच हक्काचा भंग, हा विचार तिथून जगभरच्या न्यायालयांत पोहोचला.

तिसरं न्यायालय आफ्रिकेचं, टांझानियात अरुशा इथं. बुर्किना फासोतल्या एका संपादकाला बदनामीच्या खटल्यात १२ महिन्यांची कैद झाली होती, ती शिक्षा या न्यायालयानं २०१४ मध्ये चुकीची ठरवली. पण सामान्य माणसानं थेट अर्ज करायचा, तर त्याच्या देशानं तशी वेगळी परवानगी जाहीर करावी लागते. मोजक्याच देशांनी ती दिली, आणि विरोधात निकाल येऊ लागले तशी रवांडा, टांझानिया, बेनिन आणि कोत द'ईव्हार यांनी ती काढून घेतली. टांझानियाच्या भूमीवर न्यायालय, आणि टांझानियाचीच माघार.

आशियात असं न्यायालय नाही. सार्कलाही नाही.

जिनिव्हाचं दार आणि त्याची कडी

न्यायालय नसलेल्या देशांसाठी संयुक्त राष्ट्रांनी दुसरी सोय केली. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या कराराला एक ऐच्छिक प्रोटोकॉल (देशानं हवा तर मान्य करायचा पूरक करार) जोडलेला आहे. जो देश तो मान्य करतो, त्याच्याविरुद्ध तिथला कुणीही जिनिव्हातल्या मानवी हक्क समितीकडं तक्रार करू शकतो. समितीत १८ तज्ज्ञ असतात. त्यांचं मत कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखं वसूल करता येत नाही, पण सरकारला उत्तर द्यावं लागतं आणि सगळं जगासमोर येतं.

भारतानं मूळ करार १० एप्रिल १९७९ रोजी मान्य केला. प्रोटोकॉल आजवर मान्य केलेला नाही. महिलांच्या हक्कांच्या कराराचं तेच, अपंगांच्या हक्कांच्या कराराचं तेच, वंशभेदविरोधी कराराचंही तेच. हक्क मान्य, तक्रारीची सोय अमान्य. शेजारच्या नेपाळनं १९९१ मध्ये हे दार उघडलं. माओवादी संघर्षाच्या काळात सैन्यानं नेलेल्या एका माणसाची पत्नी तिथून जिनिव्हापर्यंत गेली आणि २००८ मध्ये समितीनं नेपाळ सरकारला दोषी धरलं. श्रीलंकेनंही १९९७ मध्ये मान्यता दिली होती, पण २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंच ती मान्यता घटनाबाह्य ठरवली. म्हणजे असं दार एकदा उघडलं तरी ते उघडं राहीलच असं नाही, तिथल्या लोकांना त्याची राखण करावी लागते.

छळविरोधी कराराची कहाणी तर जास्तच लाजिरवाणी आहे. १४ ऑक्टोबर १९९७ रोजी भारतानं त्यावर सही केली. करार लागू व्हायला त्याला रीतसर मंजुरी द्यावी लागते, ती अजून दिलेली नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत प्रवर समितीकडं गेलं आणि शेवटी बाद झालं. ऑक्टोबर २०१७ मध्ये विधी आयोगानं २७३व्या अहवालात पुन्हा मंजुरीची शिफारस केली. संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाचा मानवी हक्कांचा आढावा ठरावीक काळानं घेतला जातो, त्यात अनेक देश हीच सूचना भारताला पुन्हा पुन्हा करतात. या आढाव्यासाठी सामाजिक संघटनाही लेखी अहवाल पाठवू शकतात. एका संघटनेला २,८१५ शब्दांची मर्यादा असते, अनेकांनी मिळून पाठवला तर ५,६३०. कोल्हापुरात इतक्या संघटना जोमानं काम करतात, त्यांनी मिळून असा एक अहवाल द्यावा असं मला फार वाटतं.

करार इथंच वापरता येतात

१९७९ मध्ये करार मान्य करताना भारतानं त्याच्या कलम ९(५) पुढंही एक अट घातली. ते कलम म्हणतं, की बेकायदा अटक झालेल्या माणसाला भरपाईचा हक्क आहे. भारतानं लिहून दिलं, की आमच्या कायद्यात असा हक्क नाही.

आता पुढं काय झालं बघा. बिहारमधला रुदल शाह नावाचा माणूस जून १९६८ मध्ये खटल्यातून निर्दोष सुटला, पण तुरुंगातून बाहेर आला ऑक्टोबर १९८२ मध्ये. निर्दोष ठरल्यावर चौदा वर्षं आत. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये त्याला ३५,००० रुपये द्यायला लावले, आणि कलम ३२ खाली भरपाई देता येते असं ठरवून टाकलं. रक्कम ऐकून संताप येतो, पण ते पहिलं पाऊल होतं. मग ओडिशातल्या निलाबती बेहेरा. त्यांचा २२ वर्षांचा मुलगा डिसेंबर १९८७ मध्ये पोलिसांनी नेला, दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळावर सापडला. तो पळून गेला आणि गाडीखाली आला, असं पोलिसांचं म्हणणं. आईनं सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं, पोलिसांची कहाणी नाकारली आणि २४ मार्च १९९३ रोजी दीड लाखाची भरपाई दिली. निकालात आधार घेतला तो नेमका कलम ९(५) चा. सरकारनं जिनिव्हासाठी घातलेल्या अटीची धार आपल्याच न्यायालयानं घालवली. पुढं १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात न्यायालयानं हे स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि अटकेचा मेमो, नातेवाइकाला कळवणं, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हे नियम घालून दिले.

१९९७ च्या विशाखा निकालातही असंच घडलं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध तेव्हा देशात कायदाच नव्हता. महिलांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या आधारे न्यायालयानं नियम बनवले, कायदा आला २०१३ मध्ये. तत्त्व साधं आहे. आपल्या कायद्याशी विरोध नसेल, तर मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना न्यायालय अशा करारांचा आधार घेऊ शकतं. कलम २२६ खालच्या रिटमध्ये आपल्या सर्किट बेंचपुढंही ते मांडता येतं. वकिलांनी याचिकेत एखादा परिच्छेद कराराचा घालावा, मानफ्रेदोच्या खटल्यातलं तपासाचं तत्त्व मांडावं. परदेशी निकाल इथं बंधनकारक नसतात, पण न्यायाधीश ते वाचतात.

प्रत्यक्ष करायचं काय?

सगळ्यात आधी कागद. जगातलं कुठलंही न्यायालय किंवा समिती पहिला प्रश्न हाच विचारते, की तुमच्या देशात तुम्ही कुठं कुठं दाद मागितली. ते तोंडी सांगून भागत नाही. ठाण्यात तक्रार दिली तर शिक्क्यासह पोच घ्या. पोच देत नसतील, तर तीच तक्रार पोलिस अधीक्षकांना टपालानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. तिथंही काही झालं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. मारहाण झाली असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून जखमांची नोंद करून घ्या. वळ आठ दिवसांत जातात, नोंद राहते. अटक झालेला माणूस असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं हजर करतात तेव्हा त्यानं मारहाणीविषयी तिथंच बोलायचं. भीती वाटते हे खरं आहे, पण नंतर दहा वेळा विचारलं जातं, की तेव्हा का बोलला नाही.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना तिथं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

मानवी हक्क आयोगाकडंही जाता येतं, राज्याचा मुंबईत आणि राष्ट्रीय दिल्लीत. फी नाही, मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे, आणि दोन्हीकडं एकदम करू नका. प्रकरण राज्य आयोगापुढं चालू असेल तर राष्ट्रीय आयोग त्याला हात लावत नाही. आयोग फक्त शिफारस करतो, म्हणून तो न्यायालयाला पर्याय मानू नये. पण त्याच्या चौकशीत अधिकाऱ्यांना लेखी उत्तरं द्यावी लागतात, आणि ती उत्तरं पुढं रिटमध्ये कामाला येतात.

आणि जिनिव्हा? तक्रारीची समिती आपल्याला बंद आहे, पण संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक (एकेका विषयावर नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ) आणि मनमानी अटकेविषयीचा कार्यगट कुठल्याही देशातल्या माणसाचं पत्र घेतात, त्या देशानं कुठला प्रोटोकॉल मान्य केला आहे का हे न बघता. देशातले सगळे मार्ग संपेपर्यंत थांबावं लागत नाही. पैसे लागत नाहीत. पत्र मात्र इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये हवं, आणि त्यात भाषण नको. कोण, कधी, कुठं, कुठल्या अधिकाऱ्यांनी, कुठल्या कलमाखाली, आणि इथं आजवर काय काय केलं, एवढंच तारीखवार लिहायचं. कार्यगट सरकारला ६० दिवसांत उत्तर मागतो आणि मग अटक मनमानी होती की नव्हती याविषयी मत जाहीर करतो. सरकारनं ते मानलंच पाहिजे असं नाही, पण जामिनाच्या अर्जाला ते जोडता येतं. असं पत्र कुणाच्याही वतीनं पाठवण्याआधी त्या माणसाची किंवा त्याच्या घरच्यांची लेखी संमती घ्या. नाव सरकारला कळणार आहे, ते पुढं छापलंही जाऊ शकतं, हे त्यांना मराठीत समजावून सांगा, आणि विचार करायला एक रात्र द्या. त्यांनी नको म्हटलं तर पत्र पाठवायचं नाही.